दहा हंगामांचा खेळ, चाळीस वर्षांचा संसार

सोयाबीनचे पैसे हाती आलेले असतात, तूर अजून वावरात उभी असते आणि रात्रीची थंडी अंगाला बोचू लागलेली असते. अशा दिवसांत आमच्या रिसोड तालुक्यात गावोगाव कबड्डीचे सामने सुरू होतात. गावालगतच्या मोकळ्या जागेतली माती चाळून, भिजवून, चोपून मैदान तयार करतात. बांबूंना दिवे टांगले जातात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कर्णा चढतो आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत माणसे घोंगड्या पांघरून रेषेला खेटून बसतात. पत्रिकेवर पहिले बक्षीस ठळक छापलेले असते : ५१,००१ रुपये. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला असा आकडा दिसला की तो भागाकार करतो. संघात बारा जण. प्रत्येकी ४,२५० रुपये येतात आणि वरचा एक रुपया उरतो. तो देवळात ठेवायचा.

मागच्या हिवाळ्यात अशाच एका सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी एक शेतकरी माझ्या ओट्यावर येऊन बसले. बरोबर एकोणीस वर्षांचा मुलगा. चार एकर कोरडवाहू शेती, मुलगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. चढाईत पोरगा वाऱ्यासारखा, हे मी स्वतः पाहिले होते. पुण्याच्या एका प्रशिक्षकाने त्याला निवड चाचणीसाठी बोलावले होते. त्याच महिन्यात पोलीस भरतीचा अर्जही भरायचा होता. वडील म्हणाले, ''सायेब, थो म्हन्ते का मी आता कबड्डीच खेळतो, भरतीचं मले सांगू नका. टीव्हीवर पोरांले करोड करोड भेटतात म्हन्ते. तुमी बँकेत होते, तुमाले हिशेब समजते. याले काय सांगू?''

मी चहा मागवला, पण उत्तर काही लगेच दिले नाही. कारण हा प्रश्न त्या एका घरापुरता नाही. कोल्हापूर, सांगली, नगर, रायगड, ठाणे आणि आता आमचे वऱ्हाड, सगळीकडच्या शेकडो घरांतून आज तो विचारला जातो. खेळ हा पोटाचा धंदा होऊ शकतो का? झालाच तर किती वर्षे? आणि नंतर काय?

कबड्डीशी वऱ्हाडाचे नाते जुने आहे. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. हुतूतू म्हणून आपण ओळखतो तो खेळ अशा रीतीने साता समुद्रापलीकडे जाऊन आला. पुढे नियम ठरले, महासंघ झाला, राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचा समावेश झाला आणि भारताने सुवर्णपदक आणले. एवढे सगळे होऊनही एक गोष्ट बदलली नव्हती. खेळाडूला खेळाचे पैसे मिळत नव्हते. मिळायची ती नोकरी.

रेल्वे, पोलीस, एअर इंडिया, तेल कंपन्या आणि बँका हे त्या काळातले आमच्या खेळाडूंचे आश्रयदाते. खेळाच्या कोट्यातून मुलगा कारकून म्हणून लागे, पण खरे काम त्याचे मैदानावर. ही पद्धत मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिली आहे. ऐंशीच्या दशकात मी विदर्भातल्या एका शाखेत अधिकारी असताना असाच एक कबड्डीपटू आमच्याकडे होता. मस्टरवर सही करून तो अकरा वाजता सरावाला जायचा आणि स्पर्धेच्या दिवसांत महिना-महिना दिसायचा नाही. बाकीचे कारकून कुरकुर करत आणि मीही करीत असे. एका वर्षी त्याच्या गोपनीय अहवालात 'कामात रस नाही' असा शेरा मी स्वतःच्या हाताने लिहिला. तो शेरा खरा होता, पण आज आठवला की बरे वाटत नाही.

बत्तिसाव्या वर्षी एका सामन्यात त्याचा गुडघा गेला. त्यानंतर तो रोज दहा वाजता यायचा आणि खिडकीवर बसायचा. सुरुवातीला रोकड जुळायची नाही, तेव्हा संध्याकाळी मी त्याच्याबरोबर बसून नोटा पुन्हा मोजत असे. हळूहळू तो कामाला लागला. पुढे पंचवीस-सव्वीस वर्षे त्याने नोकरी केली, मुलांची शिक्षणे झाली, लहानसे घर झाले. गुडघ्याने दगा दिला, पण पगाराने दिला नाही. जुन्या व्यवस्थेत ढोंग होते, काही अन्यायही होता. कारण पगार कारकुनाचा आणि मेहनत पहिलवानाची असा तो व्यवहार होता. पण तीत एक गोष्ट होती. खेळ संपल्यावर माणूस रस्त्यावर येत नसे.

आता जरा दूरच्या एका देशात जाऊ. आयर्लंड हा आपल्या महाराष्ट्रापेक्षा लहान देश. तिथे रग्बी नावाचा खेळ खेळतात. बाजूला पंधरा जण, लंबगोल चेंडू आणि अंगावर अंग घालून पकडापकडी. आपल्या कबड्डीच्या पकडीची आठवण यावी असाच तो दांडगा खेळ आहे. गंमत म्हणजे देशाची फाळणी झाली, उत्तर भाग ब्रिटनकडे राहिला, तरी रग्बीचा संघ अखंड आयर्लंडचा एकच राहिला.

या खेळाने शंभर वर्षे एक सोवळे पाळले होते : खेळण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. त्यामुळे आयर्लंडचे मोठमोठे खेळाडू पोटासाठी दुसरे काही तरी करीत. माइक गिब्सन वकिली करायचा. मॉस कीन सरकारच्या कृषी खात्यात होता. आणि ज्याचे नाव आजही तिथे आदराने घेतात तो विली जॉन मॅकब्राइड बँकेत नोकरीला होता! हे वाचले तेव्हा मला आमच्या त्या कारकुनाची आठवण झाली. मॅकब्राइड शेतकऱ्याचा मुलगा. वडील लहानपणीच गेले. शेतीच्या कामामुळे सतरा वर्षांचा होईपर्यंत त्याने रग्बीचा चेंडू हाती धरला नव्हता. पुढे १९६२ ते १९७५ या काळात तो आयर्लंडकडून ६३ सामने खेळला. ब्रिटन आणि आयर्लंडच्या संयुक्त 'लायन्स' संघातून पाच दौऱ्यांवर गेला. १९७४ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात तो कर्णधार होता आणि २२ सामन्यांपैकी २१ जिंकून, एक बरोबरीत सोडवून तो संघ परतला. तिथल्या वर्णभेदी राजवटीमुळे त्या दौऱ्यावर टीकाही खूप झाली, पण तो वेगळा विषय.

२६ ऑगस्ट १९९५ रोजी पॅरिसमध्ये रग्बीच्या जागतिक मंडळाने जाहीर केले, की यापुढे खेळाडूंनी पैसे घ्यायला हरकत नाही. शंभर वर्षांचे सोवळे एका दिवसात सुटले. आम्हा बँकवाल्यांना ते वर्ष दुसऱ्याच कारणाने आठवते. पुढच्याच महिन्यात आमच्या पेन्शनचे नियम लागू झाले. तिकडे खेळाडूंची नोकरी सुटायला लागली आणि इकडे नोकरदाराला म्हातारपणाची काठी मिळाली, हा निव्वळ योगायोग. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

त्यानंतरच्या पिढीचा आयरिश खेळाडू डॉक्टर, वकील किंवा बँकवाला राहिला नाही. तो फक्त खेळाडू झाला. ब्रायन ओड्रिस्कॉल हा त्यातला सर्वांत भाग्यवान. १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षे खेळला आणि देशाकडून १३३ सामने. पण प्रत्येकाचा गुडघा, मान आणि नशीब ओड्रिस्कॉलचे नसते. पॉल ओकॉनेल हा आयर्लंडचा कर्णधार. २०१५ च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्ध त्याच्या मांडीचा स्नायू हाडापासून तुटला. एका फ्रेंच क्लबशी त्याचा करार झालेला होता, पण त्या क्लबसाठी एकही सामना न खेळता २०१६ मध्ये तो निवृत्त झाला. त्याच वर्षी ल्यूक फिट्झजेराल्डला मानेच्या दुखापतीमुळे खेळ सोडावा लागला. वय फक्त २८. शेजारच्या इंग्लंडमध्ये तर स्टीव्ह थॉम्सन हा २००३ चा विश्वविजेता खेळाडू सांगतो, की तो विश्वचषक जिंकल्याचे त्याला आठवतच नाही. डोक्यावर बसलेल्या मारांनी ऐन चाळिशीत स्मृतिभ्रंश झाला. तिथल्या अनेक माजी खेळाडूंनी याबद्दल संघटनांवर दावे लावले आहेत.

म्हणजे पैसा आला तशी जोखीमही आली. आयर्लंडने मात्र या जोखमीचा विचार थोडा आधीपासून केला. तिथे महत्त्वाच्या खेळाडूंचे करार थेट राष्ट्रीय संघटनेशी असतात. त्यामुळे एखाद्याने वर्षाला किती सामने खेळावेत, विश्रांती कधी घ्यावी, यावर संघटनेचा हात राहतो. खेळाडूंची स्वतःची युनियन २००१ च्या सुमारास उभी राहिली. ती करारावर सल्ला देते आणि खेळत असतानाच पुढचे शिक्षण, पुढचा व्यवसाय यांची तयारी करून घेते. तिसरी गोष्ट मला विशेष वाटली. २००२ मध्ये सरकारने एक सवलत आणली. खेळाडू निवृत्त झाला, तर खेळातून मिळालेल्या मिळकतीच्या ४० टक्के भागावर भरलेला कर, दहा वर्षांपर्यंतचा, त्याला परत मिळू शकतो. कारकीर्द आखूड असते हे कायद्याने मान्य केले. निवृत्तीच्या दिवशी हातात एक गंगाजळी येते. आमच्या ग्रॅच्युइटीसारखीच म्हणा ना.

आता परत घरी येऊ. कबड्डीचे '१९९५' आले ते २०१४ साली. त्या वर्षी प्रो कबड्डी लीग सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरला तो रेल्वेचा राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. तेव्हा तो आकडा ऐकून लोकांनी तोंडात बोटे घातली होती. २०१८ मध्ये मोनू गोयतला दीड कोटींहून अधिक मिळाले. २०२३ मध्ये पवन सेहरावतची बोली २ कोटी ६० लाखांच्या वर गेली. २०२५ मध्ये इराणचा मोहम्मदरेझा शादलुई २ कोटी २३ लाखांना गेला. मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटात आपली मातीतली कबड्डी घरोघरच्या टीव्हीवर दिसू लागली. याचा आनंद मानला पाहिजे. खेळाच्या जोरावर पोराने घर बांधले, बहिणीचे लग्न केले, ही काही लहान गोष्ट नाही.

पण आमच्या पोराला टीव्हीवर दिसतो तो आकडा, त्याचा आलेख दिसत नाही. म्हणून मी त्याला सिद्धार्थ देसाईचे उदाहरण दिले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला हा मुलगा. २०१८ मध्ये यू मुंबाकडून पहिल्याच हंगामात त्याने चढायांत दोनशेहून अधिक गुण मिळवले. त्या वर्षी त्याची किंमत होती ३६ लाख ४० हजार. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतले. मग कोविड आला, २०२० चा हंगामच झाला नाही. २०२१ च्या लिलावात १ कोटी ३० लाख. त्या हंगामात दुखापतीने त्याला बहुतेक काळ बाहेर बसवले. २०२२ मध्ये त्याच संघाने त्याला घेतले ते २० लाखांना. २०२३ मध्ये हरियाणा स्टीलर्सकडे पुन्हा १ कोटी. पाच वर्षांत एका माणसाची किंमत छत्तीस लाख, एक पंचेचाळीस, एक तीस, वीस लाख, एक कोटी. कोणत्या पगारदाराच्या सर्व्हिस बुकात असा आलेख सापडेल? कोणती बँक या उत्पन्नावर वीस वर्षांचे गृहकर्ज देईल? आणि हा, बरे का, यशस्वी माणसाचा आलेख आहे.

नगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारचेही तसेच. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. मार्च २०२४ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने लीग जिंकली. आणि त्याच वर्षीच्या पुढच्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने तो मध्येच बाहेर गेला. २०२५ मध्ये परत येऊन त्याने संघाला अंतिम फेरीपर्यंत नेले, हे त्याचे धैर्य. पण विचार करा, मार्चमध्ये डोक्यावर चषक आणि वर्ष संपायच्या आत गुडघ्याला पट्टी. या धंद्यात दोन्हींमध्ये अंतर इतकेच असते.

मी वहीचे एक पान फाडले आणि त्या बापलेकांसमोर हिशेब मांडला. लिलावातल्या सर्वांत खालच्या गटाची मूळ किंमत अलीकडच्या लिलावांत ९ लाख होती. समज, तू निवडला गेलास. समज, पाच हंगाम टिकलास. नऊ पंचे पंचेचाळीस लाख. रक्कम मोठी आहे, तुझ्या बापाने आयुष्यात एकत्र पाहिली नसेल. पण ती पुरवायची आहे विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, चारशे ऐंशी महिने. भागाकार कर. महिन्याला ९,३७५ रुपये. यात कर धरला नाही, महागाई धरली नाही. व्याजही धरले नाही, ते तेवढे तुझ्या बाजूचे. शिवाय निवडले जाणाऱ्या एकामागे न निवडले जाणारे किती, हेही धरले नाही.

मुलगा बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. बाप म्हणाला, ''म्हंजे भरतीच बरी.'' मी म्हणालो, ''तसं मी म्हटलं नाही.''

कारण माझे म्हणणे खरोखरच तसे नाही. मुलांना खेळापासून परतवणे हा या प्रश्नावरचा उपाय नव्हे. जुनी व्यवस्था आता परत येणार नाही. एअर इंडिया २०२२ मध्ये खासगी झाली, बँका एकमेकींत विलीन झाल्या, खेळाच्या कोट्यातल्या जागा आटत गेल्या. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, ते मोलाचे आहे. पण त्यासाठी नियमात बसणाऱ्या स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते. गावच्या खुल्या सामन्यातली ढाल तिथे कामाची नाही. मुलींची गोष्ट तर आणखी अवघड. त्यांच्यासाठी २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी लीग झाली आणि तिथेच थांबली. कबड्डी खेळणाऱ्या मुलीपुढे आजही नोकरी हीच एक वाट आहे. म्हणजे जुना आधार गेला आणि नवा पुरता उभा राहिला नाही, अशा मधल्या अवस्थेत आपण आहोत.

तो आधार उभा करणे अशक्य नाही. आयर्लंडच्या करसवलतीसारखी तरतूद आपल्या कायद्यात का होऊ नये? करोडपती खेळाडूंपेक्षा नऊ आणि तेरा लाखांच्या गटातल्या मुलांना तिचा उपयोग अधिक होईल. लीगच्या प्रत्येक करारातून काही टक्के कापून, त्यात मालकाने तेवढीच भर घालून भविष्य निर्वाह निधीसारखा निधी करता येईल. कापडगिरणीतल्या कामगाराला जे मिळत होते ते टीव्हीवर झळकणाऱ्या खेळाडूला मिळू नये, हे चमत्कारिक आहे. खेळाडूंच्या हिताचे बोलणारी बळकट संघटना हवी. आणि खाली आपल्या गावातही काही करता येईल. ५१ हजारांचे बक्षीस लावणाऱ्या मंडळाने त्यातले पाच-सात हजार बाजूला काढून त्या रात्री मैदानाजवळ डॉक्टर आणि गाडी उभी ठेवली, खेळाडूंचा विमा उतरवला, तर खेळाची शोभा कमी होणार नाही. पोलिसी मात्र वाचून घ्यावी. वैयक्तिक अपघात विम्याच्या बऱ्याच पोलिसींत व्यावसायिक खेळातली दुखापत वगळलेली असते. ती ओळ बारीक अक्षरात असते आणि गुडघा गेल्यावरच मोठी दिसते.

उरले घर. घराने काय करावे? मी त्या बापलेकांना सांगितले ते असे. चाचणीला जाऊ द्या. हे वय परत येत नाही आणि न गेल्याची खंत जन्मभर उरते. पण बी.ए. पुरे करायचे. भरतीचा अर्ज भरायचा. पोलिसांचाही कबड्डी संघ असतो. निवड झालीच तर पहिल्या हंगामाच्या पैशांत गाडी घ्यायची नाही. तिसरा हिस्सा डोळ्यांआड ठेवायचा. पोस्टात नाही तर बँकेत पीपीएफचे खाते उघडायचे, ते पंधरा वर्षांचे असते. एकोणीस आणि पंधरा चौतीस. खेळ साधारण त्याच वयात संपतो. आणि तीन-चार वर्षे, इतकाच काळ स्वतःला द्यायचा. त्यात दार उघडले नाही तर ते बंद आहे असे समजून दुसऱ्या दारी जायचे.

बापाने मान डोलावली. मुलाने मात्र वेगळेच विचारले. मघाशी मी सांगितलेली माझ्या जुन्या सहकाऱ्याची गोष्ट त्याच्या मनात घोळत होती. ''सर, त्याईचा खेळ सुटला, तर त्याईले वाईट नाही वाटलं?''

खरे तर हे मी त्याला कधी विचारलेच नव्हते. इतके आठवते, की निवृत्तीपर्यंत दर हिवाळ्यात तो जवळपासच्या सामन्यांना जायचा आणि रेषेजवळ मांडी घालून बसता येत नाही म्हणून मागे उभा राहायचा. दुसऱ्या दिवशी खिडकीवर नोटा मोजता मोजता कोणत्या पोराची चढाई कशी फसली, हे आम्हाला सांगायचा. आम्ही ऐकत नसू.

''वाटलं असेल,'' मी म्हणालो, ''पण दर एक तारखेला पगार होत होता.''

वहीचे ते पान मुलाने घडी घालून खिशात ठेवले. जाताना विचारून गेला, पीपीएफच्या खात्याला फोटो किती लागतात.